मांडी बघ, मग पाकीट वाच

पोरी, लेकरू अडीच महिन्यांचं झालं. जुना डायपर कमरेला वळ उठवतो, नवा जांघेतून गळतो, आणि तू रडकुंडीला आलीस. रडू नकोस गं. आपल्या घरातली सगळी लेकरं दोन साइजच्या मधल्या याच फटीतून मोठी झाली, आणि डायपरच्या व्हायच्या तेवढ्या फजित्या या घरात होऊन गेल्या. तुला त्या नव्याने करायची गरज नाही. निवांत वाच, आणि जावईबापूंनाही वाचायला दे. रात्री दोनला उठायची पाळी त्यांचीही आहे.

१. साइज वयावरून घेऊ नकोस, वजनावरून घे — एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन लेकरांत सहा महिन्यांना दीड-दोन किलोंचं अंतर सहज पडतं. वय पंचांगात, माप मांडीत.

२. दुकानात "किती महिन्यांचं आहे?" असं विचारतील, तू उत्तर किलोत दे — आपल्या संभाजीनगरातल्या औरंगपुऱ्यातला असो की सिडकोतला, दुकानदाराने तुझं लेकरू पाहिलेलं नसतं, तो अंदाजाने पाकीट काढतो.

३. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला जाशील तेव्हा वजन करून घे आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिथल्या तिथे लिहून घे — लेकराच्या रडण्यात आकडा कानावर पडतो आणि रिक्षात बसेपर्यंत विसरतो.

४. मधल्या काळात अंगणवाडीत काटा असतो, ताईंना सांगितलं की करून देतात. घरी मोठ्या माणसाचा काटा असेल तर आधी एकटी उभी राहा, मग लेकराला घेऊन, आणि वजाबाकी कर — शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी साइज ठरवायला तेवढं पुरतं.

५. पाकिटावरचे आकडे एकदा नीट बघून ठेव. आपल्याकडच्या पँट डायपरवर बहुतेक ठिकाणी असं छापलेलं दिसेल: एनबी ५ किलोपर्यंत, एस ४ ते ८, एम ७ ते १२, एल ९ ते १४, एक्सएल १२ ते १७. एक साइज संपायच्या आत दुसरी सुरू होते — ती छापणाऱ्याची चूक नाही, लेकरांचे बांधे वेगवेगळे असतात म्हणून मुद्दाम सोडलेली जागा आहे.

६. त्या मधल्या जागेत लेकरू असेल, म्हणजे साडेसात किलोचं किंवा दहा किलोचं, तेव्हा अंगलट बघ. लांब आणि काटकुळं असेल तर लहान साइज चालू ठेव, मांड्यांना वळ्या असतील तर मोठी घे — गळती पोटाशी क्वचित होते, ती ठरते जांघेत.

७. कंपनी बदललीस की अक्षरावर विसंबू नकोस, मागचा किलोचा आकडा परत वाच — एकाचा एम दुसऱ्याच्या एमएवढा असेलच असं नाही. एकाच कंपनीच्या टेपच्या आणि पँटच्या डायपरचेही आकडे वेगळे असू शकतात.

आता कोणती साइज किती दिवस लागते ते सांगते. पैसे वाचायचे ते इथेच वाचतात. आपल्याकडे पुष्कळ लेकरं अडीच-तीन किलोंची जन्मतात, पहिल्या आठवड्यात थोडी उतरतात आणि दोन आठवड्यांत ते वजन भरून काढतात. मग जी धाव घेतात ती पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो आहे आणि मुलाचं ९.६, दोन वर्षांना मुलगी ११.५, मुलगा १२.२. नीट बघ म्हणजे लक्षात येईल. पहिल्या वर्षात सहा-साडेसहा किलो वाढणारं लेकरू दुसऱ्या वर्षात अडीच किलो वाढतं. म्हणून एनबी जेमतेम दोन-अडीच महिने, एस सहा-आठ महिन्यांपर्यंत, आणि एम मात्र वर्ष ओलांडून पुढेही चालते. शेजारणीचं वर्षाचं लेकरू एल घालतं आणि आपलं अजून एममध्येच, म्हणून मन खट्टू करू नकोस. नऊ किलोच्या लेकराला एम ही बरोबर साइज आहे.

८. एनबीचं मोठं पाकीट कधीच घेऊ नये, एसचं मधलं घ्यावं, मोठं घ्यायचं ते एमचं — धावत्या वजनाला मोठा साठा परवडत नाही. आज ऑफरमध्ये घेतलं, उद्या शेजारी वाटलं!

९. बोरनहाणाला कोणी "काय आणू?" म्हणालं तर संकोच न करता एम साइज सांग — आठ झबली एकदम लहान होतात, एमचे डायपर वापरात येतातच.

१०. नवी साइज घेण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात माळेला टांगलेलं एक-दोन नगांचं पाकीट आणून घालून बघ — दहा-वीस रुपयांत कळतं, साठ नगांचं पाकीट फोडून कळायला नको.

११. मोठं पाकीट घेतलंस की बिल जपून ठेव आणि वापरायची वेळ येईपर्यंत फोडू नकोस — न फोडलेलं पाकीट पुष्कळ दुकानदार मोठ्या साइजला बदलून देतात, पण घेतानाच विचारून ठेवावं.

१२. किंमत पाकिटाची बघू नकोस, एका नगाची काढ. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, हे ध्यानात असू दे — साठ्यातलं जुनं पाकीट जुन्या भावात गळ्यात पडायला नको.

साइज बरोबर की चूक हे शेवटी काट्यावर कळत नाही, अंगावर कळतं. रोज आंघोळीआधी डायपर काढशील तेव्हा कमर आणि दोन्ही जांघा बघायच्या. सवय लागली की वेळही लागत नाही.

१३. इलॅस्टिकचा पुसट ठसा उठून थोड्या वेळात गेला तर चिंता नको. लाल वळ तासाभरानेही दिसत असेल, हात लावल्यावर लेकरू पाय आखडत असेल, तर त्याच दिवशी साइज वाढव — पाकिटावर आकडा छापतात, मांडीवर खरं उमटतं.

१४. कमरेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि हे लेकरू पाजून झाल्यावर, मांडीवर बसवून बघायचं — उपाशी आणि उताणं असताना पोट आत असतं, तेव्हा सगळेच डायपर बरोबर वाटतात.

१५. डायपरची वरची कड बेंबीच्या बरीच खाली राहत असेल, टेप ओढूनताणून लागत असेल, शी पाठीवरून वर चढत असेल, तर साइज लहान पडली — बसायला लागलेल्या लेकराचं पाठीमागचं माप आधी कमी पडतं.

१६. जांघेपाशी पोकळी दिसत असेल, दोन्ही टेप एकमेकींवर चढत असतील, पाय हलवले की डायपर घसरत असेल, तर साइज मोठी आहे — "थोडी वाढीव घे, जास्त दिवस जाईल" हा हिशेब झबल्याला चालतो, डायपरला चालत नाही.

१७. घातल्यावर जांघेची झालर बोट फिरवून बाहेर काढ, दोन्ही बाजूंनी, दर वेळी — ती आत दुमडलेली राहिली की बरोबर साइजही गळते, आणि तू उगाच मोठी साइज आणायला धावतेस.

१८. मुलगा असेल तर शूची जागा खालच्या दिशेला करून मगच टेप लाव — पोटाकडून भिजतं त्याचं कारण दहा वेळा तपासलं तरी साइजमध्ये सापडणार नाही.

१९. गळालं की लगेच साइजला दोष देऊ नकोस. आधी बघ किती तास झाले होते, झालर कुठे होती, लेकरू कोणत्या कुशीवर होतं — सलग दोन-तीन दिवस एकाच जागी गळालं तर साइज, एखाद्या दिवशी गळालं तर तो दिवस.

२०. कमरेचा करदोटा इलॅस्टिकच्या खाली दाबला जाऊ देऊ नकोस, डायपर घालून झाल्यावर दोरा वर काढ आणि महिन्या-दोन महिन्यांनी सैल कर — वळ दोऱ्याचा असतो आणि आपण डायपर बदलत बसतो. ओला दोरा कातडीला लागून राहिला की तिथे चिघळतंही.

२१. मालिश झाल्यावर हात कोरडे पुसून मग डायपरला हात लाव, आणि लेकराच्या कमरेचं तेलही टिपून घे — तेलकट टेप चिकटत नाही, डायपर खाली सरकतो आणि सैल वाटतो.

२२. पालथं पडेपर्यंत टेपचा डायपर बरा, रांगायला लागलं की पँटचा — टेप पोटाप्रमाणे कमी-जास्त करता येते, आणि बेंबी पडेपर्यंत पुढची कड दुमडून खाली ठेवता येते. पळणाऱ्या लेकराला टेप लावायला मात्र दोन माणसं लागतात!

२३. पँटचा डायपर काढताना पायांतून ओढू नकोस, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढ — शी असली की ती टाचेपर्यंत माखते. आणि शिवण सहज फाटेना इतकी ताणलेली असेल तर साइज वाढवायची वेळ झालीच.

२४. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी आलेल्या लेकराला एनबीही मोठा होतो. तिथे सुती लंगोट वापर आणि दवाखान्यातल्या नर्सला विचार — काडीएवढ्या पायांना इलॅस्टिकची पकड बसत नाही.

आपल्या गावात डायपर ही चैन नाही, हे मी ठामपणे सांगते. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी उचलून शहरात आणायचं, आणि तेही नळाला रोज येत नाही. दिवसाला पंधरा-वीस लंगोट धुवायचे कशाने? आमच्या पिढीतल्या बाया म्हणतात, "आम्ही लंगोटांवरच वाढवली लेकरं." खरं आहे, पण तेव्हा धुणारे हातही घरात चार असायचे. तू एकटी, त्यात परत नोकरीवर जायचं. तेव्हा डायपर वापर, मन खाऊ नकोस. पण आपला उन्हाळाही तू ओळखतेस. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि डायपरच्या आत त्याहून उकडतं. म्हणून मधला मार्ग काढ.

२५. रात्री आणि बाहेर जाताना डायपर, दुपारी घरात जुन्या सुती साडीचा लंगोट किंवा उघडं — कातडीला रोज थोडी हवा लागली की निम्मी पुरळ उठतच नाही.

२६. उन्हाळ्यात घट्ट साइज एक दिवसही ओढू नकोस — घाम आणि इलॅस्टिक एकत्र आले की वळाची जखम व्हायला वेळ लागत नाही.

२७. दिवसा तीन-चार तासांनी बदल, शी झाली की लगेच, मग डायपर कितीही कोरडा वाटो — आतले बारीक दाणे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगून शू धरून ठेवतात, शी मात्र कातडीलाच लागून राहते. लेकरू गप्प आहे म्हणून डायपर कोरडा नव्हे.

२८. रात्री पाजायला उठशील तेव्हा हात लावून बघ, फुगून लोंबत असेल तर बदल. वजन दोन साइजच्या मधल्या जागेत असेल तर फक्त रात्रीपुरती मोठी साइज घालायला हरकत नाही — ती जास्त शू धरते, पण जांघेत पोकळी नसेल तरच.

२९. पहिला आठवडा सरल्यावर लेकराने दिवसभरात किमान सहा वेळा तरी शू केली पाहिजे. डायपरमध्ये ती मोजता येत नाही म्हणून काढलेला डायपर हातात तोलून बघ, रंग बदलणारी रेघ असेल तर ती बघ — उन्हाळ्यात दूध कमी पडतंय हे सगळ्यांत आधी तिथे कळतं. शू कमी वाटली तर वाट न बघता डॉक्टरांना दाखव.

३०. मुलगी असेल तर पुसताना हात नेहमी पुढून मागे — उलटा हात फिरला की शूच्या जागी जंतू जातात.

३१. पावडर लावू नकोस, कितीही वास छान येवो — ती उडून लेकराच्या श्वासात जाते आणि जांघेत घामाने तिचे गोळे होतात. लाली दिसली तर धुऊन, टिपून, हवा लागू देऊन झिंकच्या मलमाचा पातळ थर पुरतो.

३२. जांघेच्या घड्यांच्या आत गर्द लाली आणि कडेने बारीक पुरळ दिसली, किंवा दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर घरचं औषध थांबव आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा — ती बुरशी असू शकते, आणि तिचं मलम वेगळं असतं. कोणी दिलेली उरलेली ट्यूब लावू नकोस. पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं, ते लेकराच्या कातडीला सोसत नाही.

३३. पाकीट पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नकोस — टेपचा डिंक उन्हाने सैल पडतो. फडताळात, कोरड्या जागी, मूळ पिशवीतच असू दे.

३४. पुण्याला निघालीस तर पाच-सहा तासांच्या वाटेला चार डायपर, त्यांतला एक पुढच्या साइजचा — पाट्यांवर ढाब्यांची नावं असतात, डायपरच्या दुकानांची नसतात.

३५. लेकरू वर्षाचं झाल्यावर चार-चार महिने साइज बदलली नाही तरी काळजी नको. पहिल्या सहा महिन्यांत मात्र महिनाभर वजन हललं नाही तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा — साइज थांबलेली चालते, वजन थांबलेलं चालत नाही.

वापरलेल्या डायपरचंही आपल्यालाच बघायचं. २०१८ साली नारेगावच्या लोकांनी तिथल्या डेपोवर जाणारा शहराचा कचरा अडवला तेव्हा या शहरात गल्लोगल्ली ढीग साठले होते, तू पाहिलेस. तो वास मला अजून आठवतो. आपल्या घरातून दिवसाला सहा-आठ डायपर बाहेर पडतात, तेव्हा ते नीट गेले पाहिजेत.

३६. शी संडासात टाक, डायपर गुंडाळून त्याच्याच टेपने बंद कर, रद्दी कागदात बांध आणि घंटागाडीत वेगळा दे — २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. संडासात डायपर टाकलास तर खालच्या मजल्यापर्यंत सगळे तुझं नाव घेतील.

३७. कागदावर लाल ठिपका काढ, पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांसाठी ही रीत चालते तशी — उघडून बघावं न लागता आत काय आहे ते त्या माउलीला कळतं.

३८. लहान पडलेले, न वापरलेले डायपर वरच्या कप्प्यात जपून ठेवू नकोस, अंगणवाडीच्या ताईंना किंवा ओळखीतल्या बाळंतिणीला दे — दुसऱ्या लेकरासाठी म्हणून ठेवलेले डायपर पिवळे पडून निघतात.

तुझं लेकरू आता पाच किलोंच्या पुढे गेलं असणार, पण कार्डावर बघून घे; तसं असेल तर त्याची एस लागली. आज दुकानातून एसचे दोन सुटे नग आण, संध्याकाळी पाजून झाल्यावर घालून बघ, आणि कमरेत दोन बोटं घालायला विसरू नकोस. साडेतीन महिन्यांच्या लसीचं वजन मला फोनवर सांग. आणि घरात उरलेले एनबी या आठवड्यातच कोणाला तरी देऊन टाक.